सजावट की रचना? महाराष्ट्रातील अंतर्गत अवकाशरचनेचा व्यवसाय व अध्यापन : पुनावळे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुनावळे हे मूळचे मुळशी तालुक्यातील शेतीप्रधान गाव. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे वाहन उद्योग आला आणि अखेरीस शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान झाले. या तीन टप्प्यांनी या परिसराचा कायापालट केला. मुंबई-बंगळुरू महामार्गालगत आज जे उंच गृहसंकुलांचे पुनावळे दिसते, ते मुख्यतः गेल्या दोन दशकांतील आहे. या संकुलांबरोबरच एक व्यवसायही गावात आला. त्याला इंग्रजीत ‘इंटेरिअर डिझाइन’ म्हणतात आणि मराठीत बहुधा ‘अंतर्गत सजावट’.

हा मराठी प्रतिशब्द निरुपद्रवी नाही. सजावट ही वस्तू तयार झाल्यानंतर करावयाची असते, तर रचना वस्तू घडतानाच होत असते. अंतर्गत अवकाशाच्या रचनाकाराला सजावटकार ठरविल्यामुळे त्याचे काम भिंती उभ्या राहिल्यानंतर सुरू होते, अशी समजूत रूढ झाली. महाराष्ट्रातील या विद्याशाखेचा इतिहास पाहिला असता ही समजूत पुष्कळशी अलीकडची असल्याचे आढळते.

घडविलेला आतला भाग

पुणे परिसरातील जुन्या घरांची शब्दसंपदाच या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे. ओसरी, सोपा, पडवी, माजघर, देवघर, कोठीची खोली, परसदार ही नावे खोल्यांच्या आकाराची नसून वापराची आहेत. कोण कुठपर्यंत येईल, कोण कुठे बसेल, उजेड कुठे संपेल आणि धान्य कुठे राहील, हे या नावांतच ठरलेले असे. ओसरीवरून माजघराकडे जाताना प्रकाश क्रमाक्रमाने कमी होई आणि त्याबरोबर परक्या माणसाचा अधिकारही कमी होई. ही व्यवस्था जातीची आणि स्त्रीवरील बंधनांची वाहक होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे उचित नाही. तथापि ती अवकाशाची जाणीवपूर्वक केलेली रचना होती, हेही नाकारता येत नाही.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कोनाडा, फडताळ, खुंटी आणि धान्याचे बळद या आजच्या भाषेत ‘फर्निचर’ ठरणाऱ्या गोष्टी भिंतीच्या जाडीतच सामावलेल्या असत. गवंडी भिंत रचतानाच कोनाड्याची जागा सोडी आणि सुतार चौकट बसवितानाच आगळीची सोय करी. बांधकाम आणि अंतर्गत रचना यांत कालक्रमाचे अंतर नव्हते. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास प्रारंभ केला. पुढे असे कपाट मध्यमवर्गीय घरात शिरले, तेव्हा भिंतीतील साठवण भिंतीपासून सुटून जमिनीवर आली. विटांच्या आणि काँक्रीटच्या पातळ भिंतींत कोनाड्याला जागा उरलीच नव्हती.

मुंबईचे शिक्षण आणि व्यवसाय

औपचारिक शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत १८९१ मध्ये लॉर्ड रे कलाकार्यशाळा सुरू झाल्या आणि हस्तकौशल्याला शाळेच्या आवारात स्थान मिळाले. वास्तुकलेच्या शिक्षणाला भक्कम पाया दिला तो क्लॉड बॅटली यांनी. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे ते तेथील वास्तुकलेच्या अध्यापनाचे प्रमुख होते. त्याच काळात ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या संस्थेतून ते व्यवसायही करीत. मलबार हिलवरील महंमद अली जीना यांचा बंगला हे त्यांच्या कामांपैकी एक.

बॅटली यांच्या अध्यापनातील सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे मोजणीची आरेखने. विद्यार्थ्यांनी जुन्या भारतीय इमारतींकडे जावे, फीत लावून त्या मोजाव्यात आणि प्रमाणबद्ध आरेखन करावे, हा त्यांचा आग्रह होता. अशा आरेखनांच्या आधारे भारतीय वास्तूच्या विकासावरील त्यांचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवसायात आधुनिक बंगले बांधणारा शिक्षक वर्गात मात्र परंपरेचे मोजमाप करावयास लावी. यात विसंगती शोधणारे शोधतील, परंतु व्यवसाय आणि अध्यापन एकमेकांना पूरक ठरण्याचा तो एक मार्ग होता.

१९३७ मध्ये भारतीय वास्तुविशारद संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श गृह’ प्रदर्शन भरविले. आधुनिक घर आतून कसे असावे, हे तेथे फर्निचर, उपकरणे आणि मांडणीसह लोकांना दाखविण्यात आले. घर ही पाहून निवडण्याची वस्तू आहे, ही कल्पना यातून रुजली. पुनावळ्यातील ‘सॅम्पल फ्लॅट’ हा तिचाच दूरचा वारस होय. फरक एवढाच की प्रदर्शनाचा हेतू बहुतांशी लोकशिक्षणाचा होता. सॅम्पल फ्लॅटमध्ये खोली मोठी भासावी म्हणून दारे काढून ठेवणे व पलंग आखूड करणे, ही या धंद्यातील सर्वपरिचित युक्ती आहे.

माधव आचवल

मराठीत अवकाशाचा विचार मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने माधव आचवल (१९२६-१९८०) यांच्याकडे जाते. ते वास्तुविशारद होते आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकलेचे प्राध्यापक होते. एकांकिका, ललित लेखन आणि कथासाहित्याची समीक्षाही त्यांनी लिहिली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किमया’ या पुस्तकात त्यांनी प्रकाश, रंग, पोत, आकार आणि अवकाश यांचा अनुभव तांत्रिक परिभाषेचा आधार न घेता उलगडला. तेथे वास्तू ही नकाशावरून पाहावयाची वस्तू राहत नाही. माणूस तिच्यातून चालतो, थांबतो, उजेडातून सावलीत येतो, आणि त्याचा हा अनुभव केंद्रस्थानी येतो.

परंतु या पुस्तकाचे स्वागत झाले ते मुख्यतः साहित्यकृती म्हणून. मराठीचे प्राध्यापक ते ललित निबंधांच्या परंपरेत वाचतात. डिझाइनचे अध्यापन बहुतांशी इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर चालते आणि तेथे मराठी ग्रंथाला सहसा स्थान नसते. एका अध्यापक-वास्तुविशारदाने अवकाशावर लिहिलेले पुस्तक अशा रीतीने अवकाशरचनेच्या वर्गाबाहेर राहिले. विद्याशाखांच्या भिंतीही जाडच असतात, आणि त्यांत कोनाडे नसतात.

१९७२ नंतर

१९७२ हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय आहे. त्या वर्षी संसदेने वास्तुविशारद अधिनियम संमत केला. त्याच वर्षी अंतर्गत रचनाकारांची अखिल भारतीय संस्था मुंबईत स्थापन झाली. मात्र पहिल्या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान लाभले, दुसऱ्याला केवळ संघटनेचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, या अधिनियमाचे कलम ३७ ‘वास्तुविशारद’ या उपाधीच्या वापरावर निर्बंध घालते, ते काम करण्यावर नव्हे. अंतर्गत रचनाकाराच्या बाबतीत उपाधीलाही असे वैधानिक संरक्षण नाही. पदविकाधारक, पदवीधर, प्लायवूडचा विक्रेता आणि कंत्राटदार हे सर्व एकच पाटी लावू शकतात.

अभ्यासक्रमांच्या नावांतही संदिग्धता टिकून आहे. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेच्या नावात ‘डिझाइन’ आणि ‘डेकोरेशन’ हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. अहमदाबादच्या सेप्ट येथे १९९१ मध्ये या विषयाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, ही घटना पश्चिम भारताच्या संदर्भात महत्त्वाची मानावी लागेल.

पुनावळ्यातील सदनिका

या पार्श्वभूमीवर पुनावळ्यात काम करणाऱ्या रचनाकाराची स्थिती पाहावी. त्याच्या हाती येते ती दोन किंवा तीन शयनकक्षांची तयार सदनिका. स्तंभ, तुळया, पाण्याचे नळ आणि खिडक्या आधीच निश्चित झालेल्या असतात. त्याच्याकडे उरते ते खोटे छत, साठवणीची कपाटे, देव्हारा आणि ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघर. शिवाय यंत्रावर कापून आलेल्या ठरावीक मापांच्या फळ्यांमुळे जागेवर रंधा मारणाऱ्या सुताराचे काम जोडणीपुरते उरले आहे.

स्थावर संपदा अधिनियम २०१६ ने चटई क्षेत्राची व्याख्या केली आणि विक्रीचा आधार स्पष्ट केला. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. या व्याख्येनुसार सदनिकेच्या आतील विभाजक भिंतींखालील जागा चटई क्षेत्रात धरली जाते. बाहेरील भिंती आणि खासगी बाल्कनी यांचे क्षेत्र त्यात येत नाही. म्हणजे जेथे बसून शेंगा सोलता येतील, शेजारणीशी बोलता येईल, पाऊस पाहता येईल, ती ओसरीची एकमेव उरलेली वंशज मोजणीच्या बाहेर आहे. अनेक कुटुंबे बाल्कनी काचेने बंद करून दिवाणखान्यात मिळवितात, तेव्हा रचनाकाराने ओसरी वाचवावी की ग्राहकाला चार फूट द्यावेत, हा प्रश्न सजावटीचा राहत नाही.

महामार्गाच्या पट्ट्यातील गावठाणांत जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत. बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतली तशी मोजणी या घरांची करावयाची तर एक फीत, एक आलेखवही आणि घरमालकाची संमती एवढेच साहित्य लागते. बळद कोणत्या भिंतीत होते हे सांगू शकणारी माणसे काही घरांत अजून आहेत.