लायसोजेनी

लायसोजेनी : सूक्ष्मजंतूंना संसर्ग करणारा व्हायरस (सूक्ष्मजंतुभक्षी) आश्रयदात्या कोशिकेचा तत्काळ नाश न करता तिच्या आनुवंशिक द्रव्यात सुप्तावस्थेत राहतो व कोशिकाविभाजनाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो, या आविष्कारास लायसोजेनी म्हणतात. सुप्तावस्थेतील व्हायरसाला प्रोफाज अशी संज्ञा आहे.

सूक्ष्मजंतुभक्षींचा शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) व फेलिक्स द’हेरेल (१९१७) यांनी स्वतंत्रपणे लावला. कोशिकेत शिरून तिच्याच रायबोसोमांकडून आपली प्रथिने तयार करवून घेणे व अखेर कोशिका फोडून बाहेर पडणे, हा या व्हायरसांचा परिचित क्रम होय. तथापि काही वाण स्वतः निरोगी दिसत, पण त्यांच्या सान्निध्यात इतर वाणांच्या कोशिका विरघळत. हा गुण आनुवंशिक आहे, असे झ्यूल बॉर्दे यांचे मत होते. द’हेरेल यांना त्यात केवळ बाह्य संसर्ग दिसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत यूजीन व एलिझाबेथ वोलमन या दांपत्याने हा प्रश्न चिकाटीने हाताळला. युद्धामुळे त्यांच्या कार्यात खंड पडला, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल : डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना अटक करून आउश्विट्‌झ छळछावणीत पाठविण्यात आले व तेथून ती परतली नाहीत. त्यांचे पुत्र एली वोलमन यांनी पुढे त्याच संस्थेत, याच विषयावर संशोधन केले.

युद्धोत्तर काळातही माक्स डेलब्र्यूक यांच्यासारखे अग्रणी संशोधक लायसोजेनीविषयी साशंकच होते. आंद्रे ल्वॉफ यांनी बॅसिलस मेगॅथेरियम या जंतूची एकच कोशिका पोषक द्रवाच्या सूक्ष्म थेंबात ठेवली आणि प्रत्येक विभाजनानंतर एक कन्याकोशिका बाजूला काढली. एकोणीस विभाजने झाली, तरी द्रवात व्हायरस आढळला नाही. बाजूला काढलेल्या कोशिकांचे वंशज मात्र लायसोजेनिकच निघाले. क्वचित एखादी कोशिका नजरेदेखत नाहीशी होई व तेवढ्याच थेंबात अनेक व्हायरस सापडत. १९५० मध्ये ल्वॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जंतूंवर जंबुपार किरण सोडले, तेव्हा जवळजवळ सर्वच कोशिका फुटल्या. प्रयोगाचे साहित्य अगदी साधे होते. वादाचा निकाल मात्र त्यानेच लागला.

यामागील यंत्रणा पुढे लँब्डा या व्हायरसात उलगडली. मार्क टाश्नी यांनी १९६७ मध्ये वेगळे केलेले निरोधक प्रथिन व्हायरसाच्या डीएनएवर ठरावीक जागी बसून त्याच्या विनाशक जीनांचे कार्य रोखून धरते. जंबुपार किरणांनी कोशिकेच्या डीएनएला इजा झाली की, तिच्या बचावासाठी कार्यान्वित होणाऱ्या रेकए या प्रथिनाच्या साहाय्याने निरोधक तुटतो. म्हणजे कोशिकेची संकटसूचनाच व्हायरसाच्या सुटकेची खूण ठरते. ल्वॉफ यांना फ्रांस्वा झाकॉब व झाक मॉनो यांच्यासमवेत १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रोफाज आश्रयदात्याला नवे गुणही देतो. घटसर्पाच्या निरुपद्रवी जंतूंना विशिष्ट व्हायरसाचा संसर्ग झाल्यावर ते विषनिर्मिती करू लागतात, असे व्हिक्टर फ्रीमन यांनी १९५१ मध्ये दाखविले. पटकीच्या जंतूचे प्रमुख विषदेखील एका तंतुरूप व्हायरसाच्या जीनांपासून निर्माण होते, हे १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर व जॉन मेकालानोस यांनी सिद्ध केले. हा व्हायरस मात्र कोशिका न फोडताच बाहेर पडतो.