शिकली एका प्रांतात, शिक्का दुसऱ्या प्रांताचा



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प होत्या. चहा झाल्यावर मग बोलत्या झाल्या. "पोरगी कॅनडात हॅलिफॅक्सला इंजिनीअर झाली. नोकरी लागली कॅलगरीत. आता म्हणते, इंजिनीअर म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर सही करायला अजून चार वर्षं जातील, आणि परवाना आल्बर्टाचा घ्यावा लागेल. मग आपण कर्ज काढून शिकवलं ते काय? त्या प्रांताची डिग्री या प्रांतात चालत नाही का?"

प्रश्न एका आईचा होता, पण आम्हा सगळ्यांनाच त्याने विचारात पाडलं. आम्ही माहिती काढली, वाचलं, आपसांत बोललो. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती शंभर वर्षांहून जुनी आहे. आज तीच सांगतो.

गोष्ट सुरू होते एका पुलापासून. क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा मोठा पूल बांधायचं काम चाललं होतं. मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो पुढे १८०० फुटांचा केला. गाळा वाढला म्हणजे पुलाचं स्वतःचं वजनही वाढणार. पण ते वजन वेळेवर नव्याने मोजलं गेलं नाही. कामाचे सल्लागार इंजिनीअर थिओडोर कूपर म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. वय झालेलं, तब्येत बरी नाही, त्यामुळे ते न्यूयॉर्कमध्ये बसून कारभार पाहत. खाली लोखंडी पट्ट्या वाकायला लागल्या होत्या, ते जागेवरच्या लोकांना दिसत होतं. एक तरुण इंजिनीअर ते सांगायला न्यूयॉर्कला गेलाही. पुलावर आणखी भार घालू नका, असा निरोप तिथून निघाला, पण जागेवर तो वेळेत पोचला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या बेताला, पूल कोसळला. ७५ कामगार गेले.

त्यांतले ३३ जण मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक वस्तीतले होते. उंचावर लोखंड जोडण्यात त्या लोकांचा हातखंडा. एका संध्याकाळी एका छोट्या गावातली इतकी घरं उघडी पडली. तिथल्या बायकांनी त्यानंतर हट्टच धरला, असं सांगतात, की यापुढे गावातल्या सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचं नाही. मैत्रिणींनो, या बायका काही इंजिनीअर नव्हत्या. पण सगळा भार एकाच खांबावर टाकू नये, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पूल पुन्हा बांधायला घेतला. १९१६ मध्ये मधला भाग वर चढवताना तो नदीत पडला आणि आणखी १३ जण गेले. १९१७ मध्ये पूल एकदाचा उभा राहिला. तो आजही आहे.

मग लोक विचारू लागले की इंजिनीअर कोणाला म्हणायचं? चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? पहिल्या महायुद्धानंतर इंजिनीअरांनाही आपल्या कामाला मान आणि दाम हवा होता. दोन्ही गोष्टी जुळून आल्या आणि कायदे झाले. पण कॅनडाच्या १८६७ च्या घटना-कायद्याने असले व्यवसाय आणि शिक्षण प्रांतांच्या हाती दिलेलं. म्हणून देशाचा एक कायदा न होता प्रत्येक प्रांताने आपापला केला. १९२० या एकाच वर्षी ब्रिटिश कोलंबिया, आल्बर्टा, मॅनिटोबा, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या सहा प्रांतांत कायदे झाले. ओंटारिओत १९२२ मध्ये झाला, पण तिथे परवाना सक्तीचा व्हायला १९३७ उजाडलं. सस्कॅचवनचा १९३० चा. न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात आलं, त्याचा कायदा १९५२ चा, आणि प्रिन्स एडवर्ड आयलंडचा १९५५ चा.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्याकडे परिचारिकेचं शिक्षण दुसऱ्या राज्यात झालं असलं, तरी इथे काम करायचं तर महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेत नोंद करावी लागते. म्हणून तिचं शिक्षण कोणी खोटं म्हणत नाही. नोंद कशासाठी? तर उद्या काही चुकलं तर विचारणारं कोणीतरी इथे जवळ असावं म्हणून.

पण दर प्रांताचं दार वेगळं, तर मुलांनी काय करावं? हा पेच तिथल्या लोकांनाही पडला. १९३६ मध्ये प्रांतांच्या संस्थांनी मिळून देशपातळीवर एक परिषद उभी केली. १९६५ मध्ये अभ्यासक्रम तपासणारं एक मंडळ नेमलं. ते कॉलेजांत जाऊन पाहतं की काय शिकवतात, कोण शिकवतं, प्रयोगशाळा कशा आहेत. या मंडळाने मान्य केलेली पदवी सगळे प्रांत मानतात. म्हणजे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: हॅलिफॅक्सची मान्यताप्राप्त पदवी कॅलगरीत चालते. पुन्हा विषयांच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत.

मग चार वर्षं कसली? ती अनुभवाची. जाणत्या इंजिनीअरच्या हाताखाली काम करायचं, काय केलं ते लिहून काढायचं, वर कायदा आणि नीतिनियमांची परीक्षा द्यायची. तोवर आल्बर्टात तिला प्रशिक्षणार्थी इंजिनीअर म्हणून नाव नोंदवता येतं. पगार चालू असतो, कर्जाचा हप्ता जातो. आणि अर्ज करायचा तो जिथे काम करणार त्या प्रांतात. शिकली कुठे, याच्याशी त्याचा संबंध नाही. एकदा परवाना मिळाला की दुसऱ्या प्रांतात जाणं सोपं. प्रांताप्रांतांत १९९५ मध्ये करार लागू झाला, पुढे २०१७ मध्ये नवा आला. आता फॉर्म आणि फी भरावी लागते, पण सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. क्वेबेकमध्ये मात्र फ्रेंच यावी लागते.

तिथे पदवी घेणारी मुलं हाताच्या करंगळीत लोखंडाची साधी अंगठी घालतात. १९२५ मध्ये मॉन्ट्रियलला हा विधी पहिल्यांदा झाला. त्याचा मजकूर रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला. ते आपल्या मुंबईत जन्मलेले. पडलेल्या पुलाच्या लोखंडातून अंगठ्या घडवल्या, असं म्हणतात, पण ती दंतकथाच. आणि अंगठी म्हणजे परवाना नव्हे. अंगठी आठवण देते, परवाना जबाबदारी देतो.

आता बायकांचं. व्हँकुव्हरला १९०५ मध्ये जन्मलेली एल्सी मॅकगिल ही मुलगी स्वतःचा प्रांत सोडून टोरोंटोला शिकायला गेली. १९२७ मध्ये ती इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली. कॅनडात ही पदवी मिळवणारी ती पहिली बाई. पुढे अमेरिकेत विमानविद्येची पदवी घेताना तिला पोलिओ झाला. पण ती थांबली नाही. क्वेबेकमध्ये विमानाच्या कारखान्यात काम केलं, आणि १९३८ मध्ये ओंटारिओतल्या फोर्ट विल्यमच्या कारखान्यात मुख्य विमान-इंजिनीअर झाली. दुसऱ्या महायुद्धात त्या कारखान्यातून १४०० हून अधिक हरिकेन विमानं बाहेर पडली. जन्म एका प्रांतात, शिक्षण दुसऱ्यात, काम तिसऱ्यात! १९६७ मध्ये बायकांच्या स्थितीची चौकशी करणारा सरकारी आयोग नेमला, त्यातही ती सदस्य होती.

आपल्या बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. ज्या इथे पदवी घेऊन, इथे नोकरी करून लग्नानंतर तिकडे जातात, त्यांना कित्येक वर्षं ऐकावं लागलं, "कॅनडातला अनुभव आणा." नोकरी असल्याशिवाय अनुभव नाही, आणि अनुभवाशिवाय चांगली नोकरी नाही. किती जणींच्या पदव्या ट्रंकेत राहिल्या असतील! ओंटारिओच्या परवाना देणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये ही कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. अनुभव लागतोच, पण आता इथला, आपल्याकडचाही दाखवता येतो. हे व्हायला शंभर वर्षं लागली, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं त्या ताईंना सांगितलं. त्यांनी पुलाची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्या सहीवर माणसं चालणार. मग चार वर्षं शिकू दे."

तुमच्याही घरातलं कोणी परगावी, परराज्यात, परदेशात शिकायला निघालं असेल, तर प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. पदवी कुठे कुठे मान्य आहे? आणि काम जिथे करायचं तिथे नोंद कशी होते? हे प्रश्न मुलीने विचारले तर उत्तमच, पण आईनेही विचारायला हरकत नाही.