एम-४१६ ट्रेलर : कॅम्पर रूपांतर

अमेरिकी लष्कराचा पाव टनी, दोन चाकी मालवाहू ट्रेलर. तो एम-१५१ जीपमागे जोडण्यासाठी होता. आडवाटेवर भारक्षमता ५०० पौंड (सु. २२७ किग्रॅ.). लष्कराने विकलेले असे ट्रेलर हौशी भटक्यांनी कॅम्परसाठी घेतले.

पोलादी हौदा पाणी आत येऊ देत नाही. जोडाचे कडे फिरते असल्याने खडकाळ वाटेवर ट्रेलर कलंडला तरी जीपला पीळ बसत नाही. हौद्यावर चौकट उभारून तिच्यावर घडीचा तंबू बसवतात. चाके जीपच्याच मापाची घेतल्यास एकच स्टेपनी दोघांना पुरते. पाण्याची टाकी आसाजवळ, तळाशी हवी. खरी कसोटी वजनाची : तंबू, पाणी, बॅटरी चढवताच क्षमता संपते, आणि हौस मात्र फ्रिजही मागते.