घोडकाठची तीन हजार वर्षांपूर्वीची शेती



शाळेच्या भूगोलात शेतीचे प्रकार ओळीने दिलेले असतात. आधी फिरती शेती, मग पोटापुरती स्थिर शेती, मग पाटपाण्याची शेती आणि शेवटी बाजारासाठी केलेली व्यापारी शेती. मुले ही यादी पाठ करतात आणि त्यांना वाटते, ही एक शिडी आहे. माणूस एकेक पायरी चढत वर आला, आता खाली उतरायचे काही कारण नाही. हे कितपत खरे आहे, ते आपल्याच मुलखातल्या एका गावाला विचारून पाहू या.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. या गावाजवळ पांढरीची टेकाडे होती. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. मातीखालून निघाले ते एक शेतकऱ्यांचे गाव. इ. स. पूर्व १६००च्या सुमारास ते वसले आणि सुमारे ९०० वर्षे नांदले.

हे लोक काय पिकवीत होते? मुख्य धान्य जव, म्हणजे आपण ज्याला सातूही म्हणतो ते. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. जळून कोळसा झालेले दाणे सापडले, म्हणून हे सांगता येते. जव आणि गहू मूळचे पश्चिम आशियातले, हिवाळी पावसावर वाढणारे. आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस नाही. मग त्यांना पाणी कुठून मिळाले? इनामगावकरांनी नदीच्या बाजूला दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला आणि पुराचे पाणी वळवायला सुमारे ४ मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल चर खणला. हे काम इ. स. पूर्व १४०० ते १००० या भरभराटीच्या काळातले. हाती लोखंड नव्हते, बरं का! तांबे थोडे आणि बाकी सगळी दगडाची हत्यारे. असले काम एका घराचे नव्हे. गावाच्या मुख्याचे म्हणून ओळखले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठारही सापडले आहे.

आणि मग? इ. स. पूर्व १०००च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी, ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेतीचे धान्य कमी होते. मेंढ्या-शेळ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढते. उत्खनन करणाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडे होत गेले, पाऊस हटला, आणि पाटपाण्याची शेती करणारी माणसे पुन्हा जनावरांमागे हिंडू लागली. इ. स. पूर्व ७००च्या सुमारास गाव उठले. शिडीवरून लोक खाली उतरले म्हणायचे का? तसे म्हणणे बरोबर नाही. पाणी होते तेव्हा त्यांनी बांध घातला, पाणी सरले तेव्हा कळप धरला. दोन्ही वेळा त्यांनी जमीन आणि पाऊस पाहूनच निर्णय घेतला.

फिरत्या शेतीचेही असेच आहे. ठाणे-कुलाब्याकडच्या डोंगरांत वारली, ठाकूर, कातकरी लोक दळी करीत. उतारावरचे झाड-झुडूप तोडून जाळायचे, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोनतीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचे. जागा पुरेशी वर्षे पडीक राहिली की रान पुन्हा भरून येई. पातळ मातीच्या, धो धो पावसाच्या उतारावर नांगर घातला असता तर माती वाहून गेली असती. एकोणिसाव्या शतकात जंगलखात्याने रान बंद केले, फिरायला जागा उरली नाही, आणि दळी मोडत गेली.

आता कोरड्या मुलखात टिकलेली एक रीत पाहू. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपासून फडपद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडाला ऊस, कोणत्याला धान्य, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार; त्यांचा मोबदला शेतकरीच देत. पाणी तोकडे असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा राहायचा. पण प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात असल्याने तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि बरेच फड मोडले. काही ठिकाणी मात्र ही रीत तगून राहिली आहे.

इनामगावच्या बांधामागे सगळा गाव होता, तरी पाऊसच हटल्यावर बांधाला काही करता आले नाही. आज आपल्या विहिरीवर पंप आहे, पण खालचे पाणी पावसाचेच आहे आणि ते शेजाऱ्याच्या विहिरीशी जोडलेले आहे. तेव्हा शिक्षकांनो, शेतीचे प्रकार शिकवताना मुलांना गावात पाठवा. कोणत्या शेतात आजोबांच्या वेळी काय पिकत होते, पाणी कुठून येई, ते कोण वाटून देई, हे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून आणू द्या. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, यंदा पाणी किती आहे आणि ते कुणाकुणाला पुरवायचे आहे, एवढे पेरणीआधी चावडीवर बसून ठरवता येईल का, ते पाहा.