विषशास्त्राच्या शेजारचे प्रकरण

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवले जात होते का, असे विचारले तर उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागते. कुठे, हे विचारले की मात्र न्यायवैद्यकशास्त्राच्या वर्गात जावे लागते. जखमांचे प्रकार, बुडून आलेला मृत्यू, सोमल आणि धोतऱ्याची विषबाधा, आणि त्यांच्याच शेजारी डॉक्टरने कसे वागावे याचे एक प्रकरण. जे. पी. मोदी यांच्या न्यायवैद्यक व विषशास्त्रावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२० सालची. तो ग्रंथ आणि त्याच्या वळणावरची पुस्तके वाचून आपल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या घडल्या.

नीतीला ही जागा योगायोगाने मिळाली असे मला वाटत नाही. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय कायदा झाला. डॉक्टरांची नोंदणी, त्यांची परिषद, आणि निंद्य वर्तन केल्यास नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार, ही सगळी चौकट विलायतेतून आलेली. नोंदणीकृत डॉक्टर आणि बाकीचे यांच्यात रेघ ओढणे हे तिचे मुख्य काम. त्यामुळे नीती म्हणजे व्यवसायाची अब्रू, आणि ती शिकायची ती परवाना टिकवण्यासाठी. परीक्षेला बसणारी मुले यासाठी ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे सहा शब्द पाठ करत. व्यभिचार, जाहिरात, बेकायदा गर्भपात, अपात्र माणसाशी भागीदारी, व्यसन आणि मद्य. यादी पुन्हा वाचून पाहावी. रोग्याला खरे सांगणे तिच्यात नाही आणि त्याची संमती घेणेही नाही.

न्यूरेम्बर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये जी संहिता तयार झाली, तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीबद्दल होते. आपल्याकडे हा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून नीट मांडला जायला २००८ साल उजाडले. दिल्लीत एका प्रौढ, सज्ञान स्त्रीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडे काढण्यात आली. रोगी शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय देऊ शकत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची संमतीही पुरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे हाही धडा कोर्टातूनच आला.

परिचारिकांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. त्या घेतात ती शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाते, पण ती लिहिली गेली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, १८९३ मध्ये. मूळ शपथेत डॉक्टरच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. थोडक्यात, परिचारिकेची नीती म्हणजे आज्ञापालन.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात मात्र निराळेच घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्या कायमच्या अचेत झाल्या. खटला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांचाच चालला. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात आलाच नाही. परिचारिका संपावर गेल्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाताईंना तिथून हलवायचे ठरवले तेव्हाही त्या आडव्या आल्या आणि पालिकेने बेत सोडला. २०११ मध्ये पिंकी विराणी यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार याच कर्मचाऱ्यांना मानला. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ दिले नव्हते, ही बाब न्यायालयाच्याही नजरेत भरली. सेवा करणाऱ्यांत १९७३ नंतर जन्मलेल्या मुलीही होत्या. हे त्यांना कोणत्या तासाला शिकवले होते? एका पाळीने दुसऱ्या पाळीला शिकवले, एवढेच उत्तर मला सापडते. जगवत राहणे योग्य होते की नाही, यावर दुमत असू शकते, माझ्याही मनात ते आहे. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी गेल्या.

डॉक्टरांच्या बाजूनेही मुंबईतच हालचाल झाली. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या १९९२ च्या निवडणुकीत काही डॉक्टर नीतीचा मुद्दा घेऊन उभे राहिले आणि हरले. त्या पराभवातून १९९३ मध्ये एक लहानसे नियतकालिक निघाले, तेच आजचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. अभ्यासक्रम बदलायला आणखी पंचवीसेक वर्षे गेली. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग सक्तीचा झाला, आणि नीती पहिल्या वर्षापासून शिकवायची असे ठरले. तो कोण शिकवणार, हा प्रश्न कागदावर सुटला. ज्या अध्यापकांना स्वतः कधी हे शिकवले गेले नाही, त्यांच्याच गळ्यात तो पडला आहे.

पहिल्याच वर्षाच्या पाठांपैकी एक शवाला आपला पहिला गुरू मानण्याविषयी आहे. विच्छेदनाच्या टेबलाभोवती मुले उभी राहतात, आदराने शपथ घेतात. कल्पना सुरेख आहे. पण १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची सोय केलेली आहे. देहदानाची चळवळ वाढली, तरी टेबलावरचा प्रत्येक गुरू स्वेच्छेने आलेला असतो असे नाही. काहींना कुणी विचारलेलेच नसते.