एकही तक्रार आली नाही

मार्च २०२० मधली गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पुण्यात आम्ही तिघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहत होतो. लॉकडाऊन लागला आणि सोसायटीच्या गेटवर कागदांची गर्दी सुरू झाली. काही कागद सोसायटीच्या कमिटीचे, काही सरकारी आदेशांच्या झेरॉक्स. दूध आणायला खाली उतरलं की ते वाचत उभं राहायचं, तेवढीच करमणूक!

सरकारी कागदांवर एक उल्लेख हमखास असायचा, साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं टायपिंगची चूक आहे, १९९७ असेल. रूममेट म्हणाला, "चूक नाहीये रे. रँडच्या वेळचा कायदा तो. चापेकर, गणेशखिंड... शाळेत झोपला होतास का?"

रँड आठवत होता. पण इतिहासाच्या पुस्तकातला कायदा सव्वाशे वर्षांनी आपल्या गेटवर सेलोटेपने चिकटवलाय, हे काही पचेना. घरून काम चालू होतं, जाण्यायेण्याचे दोन तास वाचत होते. म्हणून सरळ कायदाच शोधून वाचला.

आणि धक्का बसला तो त्याच्या आकाराचा. मूळ कायद्यात फक्त चार कलमं! आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज कसा करायचा याचे नियम यापेक्षा लांब आहेत.

पहिलं कलम कायद्याचं नाव आणि तो कुठे लागू ते सांगतं. दुसरं म्हणतं की भयंकर साथ आली आणि नेहमीचे कायदे अपुरे आहेत असं सरकारला वाटलं, तर सरकार हवे ते उपाय करू शकतं, कोणालाही तसे अधिकार देऊ शकतं आणि जाहीर नोटीस काढून लोकांनी पाळायचे नियम ठरवू शकतं. रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्यांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं, हे सगळं त्यात आलं. तिसरं म्हणतं की जो पाळणार नाही त्याला दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि चौथं? या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही.

संपला कायदा. आता हे कोडसारखं वाचा. सूचना वरून खाली जाते, न पाळणाऱ्याला शिक्षा होते, इथपर्यंत सगळं लिहिलंय. पण खालून वर काही यायचं असेल तर? सूचना चुकीची असेल, राबवणारा चुकला असेल, तर वाचणाऱ्याने कोणाला सांगायचं? त्यासाठी एक ओळही नाही. एरर हँडलिंगच नाही!

हे असं का झालं ते समजून घ्यायला पुण्याच्या आधी मुंबईला जावं लागतं. आणि हा भाग आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही.

२३ सप्टेंबर १८९६. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात रुग्ण तपासून जाहीर केलं की हा ब्युबॉनिक प्लेग आहे. त्या वेळच्या मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर. दोनच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी १८८८ च्या महापालिका कायद्याखाली नोटीस काढली. आरोग्य खात्याची माणसं घरात शिरू शकतील, घर धुऊन निर्जंतुक करतील आणि प्लेगच्या रुग्णाला इस्पितळात हलवतील, गरज पडली तर जबरदस्तीने.

आज वाचताना ही नोटीस अगदी योग्य वाटते. साथ आहे, रुग्णाला वेगळं ठेवायला नको का? पण त्या काळच्या गिरणी कामगाराच्या खोलीतून ती वाचून बघा. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, हे तो डोळ्यांनी बघतोय. तिथे कोणाच्या हातचं पाणी प्यावं लागेल, मेल्यावर प्रेताचं काय करतील, माहीत नाही. इस्पितळात माणसाची मोमियाई काढतात अशी अफवा तर गल्लोगल्ली होती. मग लोक काय करणार? रुग्ण लपवू लागले. म्हणजे नोटिशीचा परिणाम बरोबर उलटा.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, स्नो यांनी नोटीस मवाळ केली. घरीच वेगळं ठेवायची आणि उपचारांची नीट सोय असेल, तर रुग्णाला जबरदस्तीने हलवणार नाही!

ब्रिटिश साम्राज्याचा अधिकारी, आणि २४ दिवसांत माघार? कारण फार मजेशीर आहे, आणि स्नो यांनी स्वतःच दिलेलं आहे. शहरातून लोक पळत होतेच. स्नो यांना भीती होती ती हलालखोर आणि झाडूवाले पळून जातील याची. मैला उचलणारी आणि रस्ते झाडणारी माणसं निघून गेली असती तर काही दिवसांत मुंबई राहण्याच्या लायकीची उरली नसती. कमिशनरची खुर्चीसुद्धा त्यांच्यावर उभी होती. ज्यांना सभेत, वर्तमानपत्रात, कुठेच आवाज नव्हता, त्यांच्या नुसत्या जाण्याच्या शक्यतेने नोटीस बदलली.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही.

साथ थांबली नाही. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती. तिकडे युरोपातली राष्ट्रं हिंदुस्थानचा माल बंदरात घ्यायला नको म्हणू लागली, व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती, लंडनहून कडक उपायांसाठी दबाव येत होता. कलकत्त्याला २८ जानेवारीला विधेयक मांडलं गेलं आणि ४ फेब्रुवारीला कायदा झालासुद्धा. एका आठवड्यात! आपल्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री घाईघाईत कोड ढकलतात ना, तसंच. तेच हे चार कलमांचं प्रकरण.

आता पुणे. सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याला पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख नेमलं. सोबत एक कर्नल आणि एक लष्करी डॉक्टर. तिघांच्या कमिटीत एकही पुणेकर नाही. घरं तपासायला आठशेहून जास्त सैनिक. सैनिक शिस्तीचे, कामाला पक्के, म्हणून निवडले. त्यांना पळून जायची भीती नव्हती, आणि शहराच्या रोजच्या कामासाठी कमिटीला कोणाची मनधरणी करायची नव्हती. मुंबईत स्नोला जिने थांबवलं ती गोष्टच पुण्यात गायब होती.

१३ मार्च ते १९ मे १८९७ झडत्या चालल्या. देवघरात बुटांसकट जाणं, सामान रस्त्यावर टाकणं, जाळणं, बायकांना बाहेर काढून तपासणं, रुग्णाच्या घरच्यांना शहराबाहेरच्या छावणीत नेणं... या तक्रारी 'केसरी'नेही छापल्या आणि सुधारकांच्या पत्रांनीही. टिळक आणि सुधारक एका बाजूला उभे राहिले, यावरून काय ते समजा. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या कारभारावर जाहीर पत्र लिहिलं. खुद्द टिळकांनी शहरात हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढायला पुढाकार घेतला. म्हणजे विरोध उपचारांना नव्हता.

आणि हाती काय लागलं? सुमारे २ लाख १८ हजार वेळा घरं तपासली (तीच घरं पुन्हा पुन्हा), त्यात ३३८ रुग्ण आणि ६४ प्रेतं सापडली. मी गणित केलं. साधारण साडेसहाशे तपासण्यांमागे एक रुग्ण. त्या एकासाठी साडेसहाशे वेळा कोणाच्या तरी घराचं दार ठोठावलं गेलं. बरं, प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे माणसं हलवली, गोधड्या जाळल्या, पण खरा वाहक कोण हे कमिटीला माहीतच नव्हतं. त्याचा दोष मी तिला देणार नाही. १८९७ साली कोणालाच खात्रीने माहीत नव्हतं.

दोष मला दिसतो तो दुसरीकडे. रँडच्या नावाने असलेल्या अहवालाच्या मसुद्यात मोठ्या समाधानाने एक गोष्ट नोंदवली आहे. स्त्रियांची मुद्दाम बेअदबी केल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीकडे आली नाही.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलंय. 'सिस्टिम चांगली चालली आहे, बग ट्रॅकरमध्ये एकही बग नाही.' मग कोणीतरी चौकशी करतं तेव्हा कळतं की वापरणाऱ्यांना बग ट्रॅकरचं लॉगिनच दिलेलं नव्हतं! पुण्यात तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्या हुकमाने सैनिक घरात शिरले त्याच्याचकडे. कोणत्या बाईने पुढे यायचं, आणि चार लोकांत काय सांगायचं? आणि सांगितलं तरी चौथं कलम होतंच.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत हेच झालं. ते त्या वेळी लंडनला होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला अत्याचारांबद्दल सांगितलं. सरकारने पुरावा मागितला. तोवर २२ जून उजाडून गेला होता, रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, शहर दहशतीखाली होतं. गोखले परतले तेव्हा नाव द्यायला कोणी पुढे येईना. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. कागदावर तक्रार शून्यच राहिली.

चापेकरांनी जे केलं त्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, सिनेमाही आलाय. मी त्यात पडत नाही. मला एवढंच वाटतं की जिथे खालचा आवाज वर जायला वाटच नसते, तिथे तो कुठून तरी फुटतो. मुंबईत तो एका दिवसात वर पोचला, पुण्यात पोचलाच नाही.

गंमत म्हणजे कायदा तोच असूनही मुंबईत जनरल गॅटेकरच्या प्लेग कमिटीने निरनिराळ्या जमातींना स्वतःची इस्पितळं काढू दिली, पुढाऱ्यांना सोबत घेतलं. तरीही मार्च १८९८ मध्ये तिथे दंगल झालीच. त्यानंतर सरकार हळूहळू शहाणं झालं. सक्ती कमी केली आणि हाफकिनची लस ज्याला हवी त्याला, अशा मार्गाने गेलं. पुढच्या काही दशकांत देशात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं मेली. तेव्हा सरकारने काहीच करायला नको होतं, असं मी अजिबात म्हणत नाहीये. साथ खरी होती, आणि नोटीस लागणारच होती.

आणि हा कायदा? तो राहिला. १९४७ नंतरही राहिला. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून त्यात दुरुस्ती झाली, आणि ती गरजेची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने अहवाल दिला की आजच्या साथींसाठी हा कायदा अपुरा आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता गेली, १८८ च्या जागी नव्या संहितेचं २२३ वं कलम आलं.

आता परत आमच्या गेटकडे येतो, कारण हे सगळं लिहायचं खरं कारण तिथे आहे.

त्या कागदांमध्ये एक सोसायटीच्या कमिटीचा होता. पुढील सूचनेपर्यंत घरकामाच्या बायकांना प्रवेश नाही. खाली बारीक अक्षरात, तक्रार असल्यास ईमेल करावा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी गेटवरून फोन केला, "दादा, वॉचमन सोडत नाही. कागदावर काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. ईमेलचं वाचलं नाही. वाचून काय उपयोग होता?

आम्ही तिघांनी त्यांना दोन महिने पगार दिला. तिसऱ्या महिन्यात एकाचा पगार कापला गेला, दुसरा गावी गेला, आणि मी एकट्याने काही दिला नाही. द्यायला पैसे नव्हते असं नाही. कचरा उचलणारी माणसं मात्र या सगळ्या काळात रोज येत होती. त्यांना अडवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. स्नोसाहेबांचं गणित अजून चालूच आहे!

पुढे ऑनलाइन मीटिंग झाली तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले, "सगळ्यांनी छान सहकार्य केलं. या नोटिशीबद्दल एकही तक्रार आली नाही."

मी त्या कॉलवर होतो. ईमेल आयडी माझ्याकडे होता. माइक म्यूट होता, तो मी म्यूटच ठेवला.