जन्मांध मनुष्य आणि सीवक परिव्राजक

मावळातील उर्से गावापासून काही कोसांवर असलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. हीच तारीख १९२७ च्या मनुस्मृती-दहनाची आणि ख्रिस्ती जगतात येशूजन्माची. या योगायोगात हेतू शोधण्याचे प्रयोजन नाही. परंतु बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार किती गांभीर्याने केला होता, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असे त्यांनी सांगितले होते. त्याच भाषणात चर्चमध्ये शिरलेल्या जातिभेदावर त्यांनी बोटही ठेवले.

जातिभेदाचा आक्षेप सर्वपरिचित आहे. त्याहून खोल आक्षेप तात्त्विक होता. तो १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडातील, धर्मांतरितांच्या स्थितीविषयीच्या लेखात सापडतो. मनुष्याचे पतन मूळ पापामुळे झाले आणि ख्रिस्ताच्या बलिदानाने त्या पापाची क्षमा होते, हा मिशनऱ्यांचा मुख्य उपदेश. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर जिल्ह्यातील महार-मांगांनी तो मोठ्या संख्येने ऐकला व स्वीकारला. पण ज्याला गावाने पाणवठ्यावरून हाकलले, त्याला ‘तुझे पतन तुझ्या पापामुळे’ असे सांगितले म्हणजे हाकलणारा मोकळा सुटतो. बाबासाहेबांच्या आक्षेपाचे मर्म आम्ही असे समजतो.

तथापि ख्रिस्ती परंपरेवर अन्याय होऊ नये. ईयोबाच्या ग्रंथात मित्र त्याला सतत बजावतात की, दुःख आले त्याअर्थी तू पाप केलेच असशील. ईयोब ते मानीत नाही, आणि अखेर देवही त्या मित्रांनाच दोष देतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा मनुष्य जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे, त्याच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो; देवाचे कार्य प्रकट व्हावे म्हणून हे झाले, असे म्हणतो आणि त्याला दृष्टी देतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावी शेकडो निराधार स्त्रिया-मुलींना आणले, तेव्हा ‘मुक्ती’ या शब्दाला अन्न, निवारा आणि शिक्षण असा प्रत्यक्ष अर्थ लाभला. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल.

योहानातील प्रश्नाशी अगदी जवळचा प्रश्न संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात आहे. मोळिय-सीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांना विचारतो : मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? तथागत आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. ही कारणे ज्याची त्याला कळतात, जगही ती मान्य करते. म्हणून ‘सर्व काही पूर्वकर्मामुळे’ म्हणणारे मर्यादा ओलांडतात. येशूने आणि बुद्धांनी दोघांनीही दुःखिताच्या माथी दोष मारण्याचे नाकारले. मात्र येशू तेथून ईश्वराकडे वळतो, तर बुद्ध तपासता येण्याजोग्या कारणांकडे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ईश्वरनिर्मितीचे मतही तपासले आहे : सर्व ईश्वरानेच घडविले असेल तर खुनीही त्याच्यामुळेच खुनी ठरतो, आणि ‘हे करावे, हे करू नये’ या भाषेला अर्थ उरत नाही.

त्याच सुत्तात पूर्वकर्मवादालाही तोच न्याय लावला आहे, हे आपल्यापैकी काहींना अडचणीचे वाटते. दारिद्र्य हे मागल्या जन्माचे फळ, असे आजही उपासकांना सांगणारे भेटतात. आमच्या मते अस्पृश्यतेचे दुःख सीवकाला सांगितलेल्या यादीत ‘ओपक्कमिक’ या सदरात पडते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या आघाताने आलेले दुःख. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त याच कारणास्तव झिडकारला : त्याने दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून आणि शासनावरून उतरते.